चार नंबरचा निळा पडदा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. टेबलाखाली तारा ओढून कंबर धरली आहे. तुझी तब्येत आणि भावोजींचा खोकला आटोक्यात असतील अशी आशा. इकडे आईचं खुब्याचं हाड सोडलं तर सगळे धडधाकट. ओरडते मात्र तीही धडधाकटच.

पडून राहिल्यामुळे घरात काय चाललंय ते दिसत नाही, या दुःखाने तिने जेवण टाकलं होतं. मला बघवेना. आमच्या ऑफिसच्या सभागृहातला जुना व्हिडिओ स्विचर (चार कॅमेऱ्यांतला हवा तो पडद्यावर आणणारी पेटी) मोडीत निघाला होता, तो साहेबांना विचारून घरी आणला, तीन कॅमेरे लावले आणि आईच्या पलंगासमोर पडदा ठेवला. एक नंबर स्वयंपाकघर, दोन दार, तीन मागचं अंगण आणि चौथी जागा रिकामी. पेटीवरची बटणं मेलेली, म्हणून संगणकावरून सीरियल तारेने तिला हुकूम पाठवायचे: एक नंबर दाखव, आणि एंटर. एंटर राहिला की पेटी ढिम्म. सुरुवातीला ती उत्तरादाखल नुसता कचरा पाठवायची, कारण मी एका वेगाने बोलत होतो आणि ती दुसऱ्याच वेगाने ऐकत होती. (आमच्या संसारात हे नवीन नाही, असं तुझी भावजय म्हणाली.) वेग जुळल्यापासून प्रत्येक हुकमाला 'ओके' येतं. या घरात उलट न बोलता ऐकणारी तेवढी एकटीच.

तेव्हापासून आई जेवते, पण राज्यही करते. फोडणी करपतेय, दूध उतू जातंय, तो डबा होता तिथे ठेव, सगळं पलंगावरून. तुझ्या भावजयीने वैतागून एकदा कॅमेऱ्यावर फडकं टाकलं, तर आईने हाक मारून कळवलं की फडकं धुवायला झालंय.

पण दिवेलागणीला ती "चार लाव" म्हणते. चारला काहीच जोडलेलं नाही, पडदा नुसता निळा. ती तोच बघत पडून राहते. आधी वाटलं तिचे आकडे चुकतात, मग वाटलं माझा हुकूम चुकतोय. तार बदलली, पेटी उघडून झाडली. बिचारी दरवेळी 'ओके'. शेवटी आई म्हणाली, "बरोबर लागलंय. हात लावू नकोस." डॉक्टर म्हणतात ती चालेल, पण तिने मनावर घ्यायला हवं. तिने मनावर घेतलाय तो मात्र निळा पडदा.

गेल्या खेपेला तू डबे हलवलेस, आई "हे घर माझं आहे" म्हणाली आणि तू "बोलावल्याशिवाय पाय ठेवणार नाही" म्हणालीस, त्यात मी पडत नाही. पत्र केवळ खुशालीचं आहे.

तुझा धाकटा

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "चार नंबर थोरलीचा. तिच्या घरी कॅमेरा लाव." मी समजावलं, कॅमेऱ्याची तार पंधरा-वीस मीटरच्या पुढे चित्र नेत नाही. मग म्हणाली, "तर तिला म्हणावं, तारेच्या टप्प्यात ये." ताई, याहून स्पष्ट बोलावणं तिने आजवर कुणालाच केलेलं नाही.

आणखी एक ता. क., हे तिला वाचून दाखवलेलं नाही. आईचं 'डबा होता तिथे ठेव' म्हणजे गेल्या खेपेला तू ठेवला होतास तिथे. तुझी भावजय सवयीने जुन्या जागी ठेवायला जाते, आणि पलंगावरून हाक येते. डबे सगळे तू लावलेस तसेच आहेत.