‘बिनवजन’ची टेप आणि माझी इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकोणसत्तर, व्यवसायाने दूरचित्रवाणी मालिकांची संकलक, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा घरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. “ठिकाणावर नसती तर माझ्या औषधांच्या चिठ्ठ्यांमधल्या चुका कुणी काढल्या असत्या?” असंही ते म्हणाले, दाखल्यात मात्र तेवढं लिहायला त्यांनी नकार दिला. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. धाकटा भाऊ स्वयंपाकघरात चहा करतो आहे आणि मधूनमधून “ताई, कितव्या पानावर आलीस?” असं ओरडून विचारतो आहे, त्याला दबाव म्हणता येणार नाही.

कलम एक. सहा वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. त्यासोबत एक बंद पाकीट होतं आणि ते माझ्या पश्चात भावाच्या हाती द्यावं, अशी सूचना होती. ते पाकीट मी फाडलं आहे. त्यातला मजकूर मी त्याला समोरासमोर, तोंडाने सांगितला. तो काय होता ते कलम चारमध्ये येईल.

कलम दोन. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या माझ्या कमाईच्या आहेत. यात भावाला तहहयात राहता येईल. त्याच्यानंतर त्या माझ्या भाचीच्या, म्हणजे त्याच्या मुलीच्या. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो, तो दुरुस्त करू नये. तीन प्लंबर हरले आहेत. आमचे थोरले चुलतभाऊ कधी काळी भर बैठकीत म्हणाले होते, “हिला काय काम? कात्रीने कापाकापी!” त्या कापाकापीतून या चार भिंती उभ्या राहिल्या. त्यांचा या घरावर हक्क नाही. चहाला यावं, जरूर यावं.

बँकेतली ठेव भाचीला. तिने ती शहाणपणाने वापरावी असं मी लिहिणार होते, पण तिच्या वयात मला कुणी तसं लिहून दिलं असतं तर मी चिडले असते. तिला हवी तशी वापरावी.

कलम तीन. संकलनाचं टेबल, दोन्ही मॉनिटर, कंट्रोलर, आणि जुन्या दिवसांतलं फिल्म जोडायचं छोटं यंत्र, हे सगळं माझ्या सहायिकेला. चौदा वर्षं ती माझ्या उजव्या हाताला बसली. मी एखादं दृश्य जास्त लांबवलं की ती काही बोलायची नाही, फक्त पाण्याची बाटली उघडायची. तो आवाज ऐकून मी किती दृश्यं आखडली याची गणती नाही. खुर्चीही तिचीच. डावा हात ढिला आहे, हे तिला माहीत आहे.

कलम चार. ‘बिनवजन’ या मालिकेच्या पायलटची मूळ टेप, तिची नवी डिजिटल प्रत, आणि मी यंदा जोडलेला तेवीस मिनिटांचा महासंगम. या वस्तू कुणाला द्यायच्या ते सांगण्याआधी त्या काय आहेत ते लिहिणं भाग आहे, कारण त्या जवळजवळ कुणीच पाहिलेल्या नाहीत.

सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या भावाने एक सुपरहिरो लिहिला. गोदामातला हमाल. तो ज्या वस्तूला हात लावेल तिचं वजन नाहीसं व्हायचं, पण त्याने श्वास रोखून धरला असेल तेवढा वेळच. स्वतःच्या छातीला हात लावला की तो स्वतः वर जायचा. पहिला भाग, म्हणजे आमच्या भाषेत पायलट, अकरा दिवसांत चित्रित झाला. हमालाचं काम एका कुस्तीगिराने केलं. त्याला सगळे पैलवान म्हणत, मीही तसंच म्हणेन. नवव्या दिवशी त्याला वर उचलणाऱ्या तारेची कडी सुटली आणि पैलवान दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून गाद्यांच्या कडेवर पडला. दोन महिने पाठीवर झोपून होता. सेटवरच्या लोकांनी ते पडणं एकदा पाहिलं. मी तीसेक वेळा पाहिलं, कारण ते वगळून भाग कसा पुरा करायचा हे मला शोधायचं होतं. पुढे, मागे, एकेक फ्रेम.

वाहिनीच्या कार्यक्रमप्रमुखांना पायलट रुचला नाही. “हिरो फार घामाघूम होतो,” एवढंच म्हणाले. पण दार त्यांनी पुरतं लावलं नाही. त्याच वाहिनीवर ‘वाट द्या’ ही रुग्णवाहिकेवरची मालिका जोरात चालू होती. तिच्या लेखिका-दिग्दर्शिका म्हणजे आमच्या बाई; भावाची आणि माझी नाटकाच्या दिवसांपासूनची मैत्रीण. सेटवर सगळे तिला बाई म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. प्रमुखांनी सुचवलं, की हमालाला ‘वाट द्या’मध्ये दोन भागांसाठी आणा, महासंगम करा, लोकांनी उचलून धरला तर त्याला स्वतःची मालिका मिळेल.

माझ्या टेबलामागे उभं राहून दोघांनी त्यावर वाद घातला, तो मला शब्दन् शब्द आठवतो.

“माझ्या मालिकेत माणसं दगावतात,” बाई म्हणाल्या. “गाडी वेळेत पोचत नाही म्हणून दगावतात. तुझा माणूस एकदा येऊन गेला, की पुढच्या प्रत्येक मरणाला लोक विचारणार, तो कुठे होता? काय सांगू? रजेवर होता?”

“म्हणजे तू माझ्या हमालाला घाबरतेस.”

“घाबरतेच. लिहिण्याआधी तूही थोडं घाबरायला हवं होतंस.”

“अगं, पण चार मिनिटांचा नमुना तर करून बघू!”

शेवटी ठरलं, की हातात असलेल्या चित्रीकरणातून ताई नमुना जोडेल आणि तो पाहून काय तो निर्णय घेऊ. दोघांचाही माझ्यावर विश्वास होता. मला आजवर मिळालेला तो सर्वांत मोठा मान.

त्याच आठवड्यात भावाने पुढच्या चित्रीकरणाची आखणी माझ्या टेबलावर ठेवली. पैलवान बरा झाला होता आणि आता त्याला चार मजले उंच न्यायचं होतं. मी तो कागद वाचला आणि नमुना एका दुपारी जोडून टाकला. मुद्दाम वाईट जोडला. ‘वाट द्या’मध्ये एक आजोबा गाडीतच प्राण सोडतात आणि नर्स त्यांचा चष्मा घडी घालून आपल्या खिशात ठेवते. त्या चष्म्यावरून मी थेट आमच्या हमालाच्या उडीवर गेले, आणि मागे बँड लावला. कार्यक्रमप्रमुख खो खो हसले. त्या हसण्यातच महासंगम आटोपला.

बाईंना वाटलं, भावाने त्यांच्या आजोबांची थट्टा करवली. भावाला वाटलं, बाईंनी प्रमुखांचे कान भरले. मी दोघांनाही काही सांगितलं नाही. दोघं सव्वीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. भाऊ अभिनयाचे वर्ग घेऊ लागला, रमलाही, पण वर्षातून एकदा तरी जेवताना घास हातात धरून म्हणायचा, “ताई, तो महासंगम झाला असता ना, तर...” आणि मी ताटात बघायचे.

यंदा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डोळे स्वच्छ झाल्यावर सहायिकेकडून जुन्या टेपा डिजिटल करून घेतल्या आणि बसले. मला एकदाचं कळून घ्यायचं होतं. तो महासंगम जमला असता, तर मी भावाचं आयुष्य बुडवलं होतं. नसता जमला, तर निदान तेवढं तरी मी केलं नव्हतं. तीन आठवडे मी माझी सगळी विद्या त्यात ओतली. मग दोघांना रविवारी सकाळी अकरा वाजता बोलावलं. दुसरं माणूसही येणार आहे, हे दोघांना आधीच सांगितलं. फसवून आणायचं माझं वय राहिलं नाही.

आले दोघं. बाईंच्या हातात काठी होती. भाऊ खिडकीशी उभा राहिला. मी टेबलाकडे पाठ करून बसले आणि सांगितलं. आखणीचा कागद, ती दुपार, चष्मा, बँड. बोलायला चार मिनिटं लागली असतील, नमुन्याइतकीच.

बाईंनी डोळे मिटले. भाऊ म्हणाला, “आधी दाखव.”

दाखवलं. अकराव्या मिनिटाला हमाल उलटलेली बस उचलतो आणि नर्स मान वर करून त्याच्याकडे बघते. बाई हळूच म्हणाल्या, “ही माझी नर्स राहिली नाही. हिला आता काही कामच उरलं नाही, फक्त बघायचं.”  भावालाही ते दिसलं होतं. तिथून पुढे प्रत्येक दृश्यात तेच. हमाल आला की बाकीची माणसं हात खाली सोडून उभी.

सतराव्या मिनिटाला एक जिना आहे. ‘वाट द्या’चा ड्रायव्हर आणि नर्स एका अवजड रुग्णाचं स्ट्रेचर अरुंद जिन्यावरून उतरवतात. ‘बिनवजन’मध्ये हमाल तसल्याच जिन्यावरून कपाट उतरवतो. मी त्याचे फक्त हात घेतले, आणि श्वास कोंडून फुगलेले गाल. खाली पोचल्यावर ड्रायव्हर नर्सला म्हणतो, “आज जिना लवकर संपला, नाही?” हे वाक्य मूळ मालिकेतलंच आहे. गाडी निघून जाते. हमाल पायरीवर बसून धापा टाकतो. त्याला कुणी पाहिलेलं नाही. चाळीस सेकंद.

मी तिथेच थांबवलं.

“हे घेतलं असतं मी,” बाई म्हणाल्या. “दर आठवड्याला घेतलं असतं.”

भाऊ पुढे आला आणि त्याने स्वतः ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. “पण यात तो कुणाला कळतच नाही.”

“म्हणून तर चालतं.”

“मग ही माझी मालिका नाही. तुझी आहे. माझा माणूस तुझ्या जिन्यावर हमाली करतोय.”

“हमालच आहे ना तो?”

भाऊ हसायला लागला. इतका हसला की ठसका लागला आणि बाईंना उठून त्याची पाठ थोपटावी लागली. मग डोळे पुसत म्हणाला, “तेव्हा मला हे कुणी दाखवलं असतं, तर मी दार आपटून निघून गेलो असतो.” आणि माझ्याकडे वळून: “तू बुडवलंस ते बुडणारच होतं, ताई. पण आमची मैत्री नव्हती बुडणार. त्याचा राग मात्र मी धरणार.”

“किती दिवस?”

“बघू.”

नऊ दिवस धरला. दहाव्या दिवशी फोन करून विचारलं, जिन्याच्या दृश्यात दिवा डावीकडून आहे की उजवीकडून. मी सांगितलं आणि फोन ठेवून पहिल्यांदा पोटभर जेवले.

सबब, वरील सर्व टेपा आणि प्रती भाऊ व बाई यांना समाईक. वाटणी करू नये. आता दर रविवारी दोघं माझ्या खिडकीपाशी बसून भांडतात, माझ्या पश्चातही तसंच बसावं. तेवीस मिनिटं पुसून टाकली तरी चालतील. चाळीस सेकंद ठेवावेत.

कलम पाच. हमालाचा तपकिरी कोट पैलवानाला. तो आता एका तलावावर पोहायला शिकवतो आणि चालताना किंचित उजवीकडे झुकतो. त्यालाही मी जाऊन सांगितलं, की तुझ्यासाठी केलं. तो पाण्यात पाय सोडून बसला होता. म्हणाला, “ताई, मला वर जायला आवडायचं.”

“पुन्हा पडला असतास.”

“पडलोही असतो. विचारायचं तरी एकदा मला.”

त्याचं हे म्हणणं इथे असंच लिहून ठेवते. त्याने पडण्याची टेप मागितली. ती त्याला दिली आहे, त्यामुळे ती या मालमत्तेत धरू नये. त्याने ती दोनदा पाहिली आणि म्हणाला, “पाय चांगले घेतले होते की मी!”

कलम सहा. ध्वनिमुद्रकाने माझे हेडफोन अकरा वर्षांपूर्वी “आत्ता देतो” म्हणून नेले. ते त्यालाच बहाल करते, म्हणजे निदान त्याला मला पाहून रस्ता ओलांडावा लागणार नाही. कार्यक्रमप्रमुखांबद्दलचा राग मी सोडून देते. घामाबद्दल ते चुकले होते, बाकी दार त्यांनी पुरतं लावलं नव्हतं.

कलम सात. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी बाईंना नेमते. मरण कुठे कापायचं आणि किती वेळ दाखवायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. माझ्यासाठी भाषणं नकोत. शोकसभा घ्यायचीच झाली तर वीस मिनिटांच्या आत आटपावी आणि कुणी रेंगाळलं तर सहायिकेने बाटली उघडावी.

कलम आठ. हे कलम मी रिकामं ठेवलं होतं, राहून गेलेलं काही आठवलं तर लिहावं म्हणून. मागच्या खेपेला इथे पाकिटाची सूचना होती. आता लेखणी खाली ठेवून बराच वेळ बसून पाहिलं. कुणाला सांगायचं राहिलेलं असं काही आठवत नाही. म्हणून हे कलम रिकामंच आहे, आणि ते रिकामं आहे हे मी शुद्धीवर, समाधानाने नमूद करते.

सही: (संकलक)

आम्ही दोघं साक्षीदार यातून काहीही मिळण्यास पात्र नाही. लिहिणारीने आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही तिच्यासमोर.

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर
साक्षीदार दुसऱ्या: खालच्या मजल्यावरच्या ग्रंथपाल

स्थळ: राहतं घर, खिडकीकडची खोली
दिनांक: नऊ मार्च, सोमवार, सकाळचे साडेदहा