देव निजलाय, मी का जागू?

शके १८५४, आषाढ व. ७
काल सकाळी बागेत आंब्याला बांधलेल्या माळ्यावर उभा राहून कलम बांधत होतो. रोप फांदीला लावलं, साल तासली, आणि चाकू अंगठ्यात. दुखलं नंतर. आधी कळलं ते हे की मी उभ्या उभ्या निजलो होतो. हातात धारेचा चाकू आणि डोळे मिटलेले.
एकादशीपासून देवळातली जागल सुरू आहे. समई विझू द्यायची नाही, पाठ टेकायची नाही. रात्रभर, थेट कार्तिकीपर्यंत. मान आमच्या घराचा. बाबांनंतर माझा.
सौ.ने हळद दाबली. चाकू मात्र उचलून फळीवर ठेवून दिला. तेच जास्त लागलं.

आ. व. ८
जखमेचं अंग देवाजवळ चालत नाही. अंगठा भरेपर्यंत चुलतभाऊ सखाराम बसणार. अण्णा खोतांचा हुकूम. देऊळ त्यांच्या शब्दावर चालतं.

आ. व. १०
पावस गावी वैद्यबुवांकडे गेलो. अंगठा पाहिलाच नाही म्हणायचा. जीभ पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढली.
"निजतोस कधी?"
"दुपारी, घटकाभर."
"दिवसाची झोप अंग जड करते, रात्रीची हलकं. डोकं धरतं, पोटात आग, हात कापतो, बायकोवर ओरडतोस. बरोबर?"
ओरडण्याचं यांना कोणी सांगितलं? सौ. माझ्या मागे उभी होती.
औषध मागितलं. "पुडी नाही देत. जा, नीज."

आ. व. १२
अण्णांच्या ओटीवर गेलो. म्हटलं, जागल वाड्यांत फिरती करा. एका माणसाच्या अंगाला झेपत नाही, वैद्यबुवांनी झोपच औषध सांगितली.
"तुझा बापूस कधी खांबाला टेकला नाही हो!"
बाबा पन्नाशी न बघता गेले. ते अण्णांना आठवत नाही. मला आठवतं.
"झोप म्हणजे काय मात्रा आहे? रेडेसुद्धा निजतात."
"म्हणून धडधाकट असतात, अण्णा."
ओटीवरची माणसं आढ्याकडे बघायला लागली. तोंडातून गेलं खरं. पश्चात्ताप? नाही.

आषाढ अमावास्या
सारखं एकच मनात घोळतं. एकादशीला आपणच नारायणाला पलंगावर ठेवलं, मऊ दुलई घातली, शेजारती म्हटली. चार महिने देव निजणार. आणि त्याच्या उशाशी माणूस ताटकळत, डोळ्यांत तेल घालून.
आज देवळात चारचौघांत विचारलं, "अण्णा, देव आत्ता काय करतोय?"
"निजलाय. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."
"मग मी का जागू? त्याला झोप गोड, तर मला कडू का?"
मागे कोणीतरी फिसकन हसलं. अण्णा लाल. "नसती अक्कल! नारळी पुनवेला बसायला ये, नाहीतर मान गेला."
मान गेला म्हणजे बाबांचं नाव देवळातून गेलं. हे मला कळतं. कळत नाही असं नाही.

श्रावण शु. ४
रोज दिवे लागले की जेवतो आणि निजतो. कोंबड्याआधी आपोआप जाग येते. डोकं धरत नाही. कुळथाची पिठी दोनदा मागून घेतली. सौ. बघतच राहिली.
सगळ्यांत मोठं म्हणजे जप. देवळात रात्री माळ बोटांत अडकायची, नाव अर्ध्यावर विरायचं. आता पहाटे एकेक नाव लख्ख येतं. झोपेने देव लांब गेला म्हणतात. माझ्या तर जवळ आला.
बांधलेल्या कलमांना तेज आहे. हात कापत नाही.
जखम भरत आली. तेवढी एकच काळजी.

श्रा. शु. ११
अंगठा कोरडा.
सौ. हळूच म्हणाली, "पट्टी राहू दे अजून. कोण सोडून बघतंय?"
"देव बघेल."
"तो निजलाय म्हणता ना?"
दोघेही खूप हसलो. किती दिवसांनी. मग तिने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. "कोप झाला तर?" म्हणाली. ती भीती मलाही आहे. पण खोटी पट्टी बांधणार नाही. निजायचं तर उजळ माथ्याने.

नारळी पौर्णिमा
केलं.
सकाळी घरातली मानाची तेलाची पळी आणि जागलीची घोंगडी घेऊन देवळात गेलो. अंगठा अण्णांना दाखवला. "बरा झालाय. तरी बसणार नाही. रात्री निजणार."
"मान गेला."
"गेला."
अण्णांनी वस्तूंना हात लावला नाही. मी त्या पायरीवर ठेवल्या. मानाचा नारळ सखारामच्या ओंजळीत पडला. गाभाऱ्याला नमस्कार केला तेव्हा मनात बाबांची माफी मागितली, हे इथे लिहून ठेवतो.
परत निघालो तर माडांच्या आगराच्या दगडी गडग्यापर्यंत सखाराम मागोमाग. काखेत नारळ, हातात पळी. डोळे तांबडेलाल, गाल बसलेले. इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाला,
"दादा, रात्री निजलं की खरंच भूक लागते?"
"लागते रे. कडकडून."
त्याने पळी खाली ठेवली आणि गडग्याला पाठ टेकली.