अंदमानातला बगळा

पोर्ट ब्लेअर, जानेवारी १९६३

तीर्थरूप आईस, लिंबाचा एवढ्या लांबून पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तू भितेस तसं काळं पाणी न्हाय इथं. समुद्र निळा आहे अन् दारात आपल्या जळकोटसारख्याच कोंबड्या फिरतात. वनखात्यासाठी झाडापाखरांचे फोटो काढतो. काम लई आवडीचं आहे.

परवा ओहोटीच्या चिखलात बगळ्याचा फोटो काढत होतो. मागून भरती आलेली कळलीच नाही. शेजारची कोळीण मरिअम्मा काठावरून ओरडली, "भैया, कॅमेरा छोडो, निकलो!" कॅमेरा डोक्यावर धरून आलो बाहेर. पाणी गुडघ्याएवढंच होतं. सदऱ्याच्या खिशातलं देवीचं कुंकू तेवढं भिजलं, दुसरी पुडी पाठव.

तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी कधी सुटणार? ताई, तूच वाचून दाखवत असशील. डॉक्टर काय म्हणाले ते खरं लिही. गाभण शेळीला काय झालं, बोकड की पाट?

सोबत फोटो आहेत. केवड्याचं बन, नारळाखालची गाय, तो बगळा. एक माझा आहे, मरिअम्मानं काढलेला. वाळलेला वाटलो तर ते इथल्या उन्हामुळं.

आई, पट्टी सुटली की माझाच फोटो आधी हातात घे. बाकी काही नको, ताईकडून एवढंच लिहून पाठव, की लिंबा दिसला.

तुझाच,
लिंबाजी