जुलेखाच्या दारात रांगोळी

१० सप्टेंबर १९४८, शुक्रवार

रझाकार परत आले! जवारीची दोन पोती नेली. शेजारचा हरिचंद आडवा झाला, तर बंदुकीच्या दस्त्यानं त्याचं मनगट मोडलं. साठीचा मानूस, लेकरावानी रडला.

त्यायच्यात जुलेखाचा पोरगा नासेरबी व्हता. खाकी कपडे, टोपी, हातात भाला. मला राहवलं न्हाई. म्हनलं, "काय रं नासेर, चड्डी कवापून घालाय लागला? माझ्या मांडीवर तर नागडाच ऱ्हायचा!" बाकीचे हसले. त्यो न्हाई हसला. म्हनला, "मावशी, तुमच्या लोकायचं एक पोरगं ठिवनार न्हाई गावात." पाठ केल्यावानी. माझ्या तोंडाकडं बघितलंबी न्हाई.

माझा पोरगा संतराम चार महिने झाले उमरखेडकडं हाय, सरहद्दीपल्याड. निजामाशी लढनाऱ्यायच्या कॅम्पात. बरं झालं घरी नव्हता.

११ सप्टेंबर

जुलेखा आली. तिची न माझी भिंतीला भिंत. नवरा इनायत पिंजारी, साऱ्या गावच्या गाद्यांचा कापूस त्योच पिंजतो. एक पाय अधू.

जुलेखा म्हनली, "सखू, मेरा पोट्टा हातातून गेला."

म्हनलं, "माझाबी गेला. तुझा जवारी नेतो, माझा चिठ्ठी धाडीना. दोघंबी बिनकामाचे!"

हसलो. मंग रडलो. चहात साखर नव्हती, तसाच पिलो.

१४ सप्टेंबर

इमानं! आभाळात तीन. कोंबड्या कनगीखाली घुसल्या, त्यायच्या मागं हरिचंद. पलटन आली म्हनतेत हिंदुस्थानची.

१८ सप्टेंबर, शनिवार

संपलं! निजामानं हात टेकले. पाच दिसात!

हरिचंद मोडक्या हातानं नाचला. "वहिनी, बंदुकीबिगर त्यायला कळतच नव्हतं! पलटन आली न खलास!" मीबी नाचले. खोटं काहून लिहू? एक वर्ष झालं, दाराला कडी लावून भाकरी थापत व्हते.

विहिरीत रझाकारायच्या टोप्या तरंगून राहिल्या. नासेर पळाला. कुठं, कोन्हालाच ठाव न्हाई. गावातली मुसलमानायची घरं रिकामी झाली, सारे हिंगोलीला गेले. इनायतला चालवत न्हाई म्हनून हे दोघंच राहिले. जुलेखाचं दार दिवसभर लावलेलं.

२० सप्टेंबर

संतराम आला!! वाळला, काळा पडला. पाच भाकरी खाल्ल्या. म्हनलं, "असं ध्यान घेऊन आलास, तुला पोरगी कोन देईल?" हसला न्हाई. पहिलं लई हसायचा.

हात धुता धुता म्हनला, "माय, त्यायचं एक पोरगं ठिवनार न्हाई गावात."

मी तांब्या धरून तशीच उभी. हेच मी दहा दिसापहिलं ऐकलं. तेच शब्द. तसंच दुसरीकडं बघून.

२१ सप्टेंबर

संतरामशी भांडले. म्हनलं, "पलटन आली, रझाकार पळाले, निजाम बसला. आता काय राहिलं?"

"पलटनीनं बंदुका घेतल्या, माय. मुळं आमी काढून राहिलो."

"इनायतचं कोनतं मूळ रं? त्याला धड उठता येत न्हाई. तू जलमला तवा तुझी दुपटी त्यानं पिंजलेल्या कापसाची व्हती."

"तुला बायामानसाला न्हाई समजायचं."

व्हय बाबा. चौथी शिकले मी गावठी शाळेत, मला काय समजनार? एवढं समजलं का पलटनीनं नासेरच्या हातातला भाला काढला. तोंडातलं कोन काढनार? ते रस्त्यातच पडलं व्हतं. माझ्या पोरानं उचललं.

लई दमले आज. काम काही केलं न्हाई तरी.

२३ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी संतराम काठी घेऊन निघाला. उंबऱ्यात थांबून म्हनला, "उद्या दार लावून बस. काही ऐकलं तरी बाहीर येऊ नको." कुठं चालला ते सांगेना.

उद्या इथं काहीतरी व्हनार. त्यो असल का नसल, ठाव न्हाई.

हरिचंदला म्हनलं, इनायतला बैलगाडीत घालून हिंगोलीला नेऊ. तर म्हनला, "रस्त्यानंच कापतील, वहिनी. मलाबी." मनगट चोळत बसला. त्याला तरी काय बोलू.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

लिहिते. जसं झालं तसं.

सकाळी उठले, जुलेखाच्या दारात सडा टाकला. भली मोठी रांगोळी काढली — गोपद्मं, स्वस्तिक, सारं. माझी तुळसबी उचलून तिच्या अंगनात ठिवली. इनायतची पिंजायची कमान आत फेकली. जुलेखा फटीतून बघे. "सखू, ये क्या?" म्हनलं, "गप बस. आजपून तू बामनीन. आवाज काढशील तर श्राद्धाला जेवायला बसवीन!" तेवढ्यातबी हसली बिचारी.

माझ्या दारात रांगोळी न्हाई. मालक गेल्यापून काढलीच न्हाई. तुळसबी आता तिकडं. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई!

पंधरा-वीस जन आले, नदीपल्याडच्या गावचे. एकबी तोंड ओळखीचं न्हाई. एक म्हनला, "जोडघर हाय, त्यातलं एक पिंजाऱ्याचं." दोन्ही दारं बघितली न माझं फोडलं! कुऱ्हाड घेऊन आत. मी चुलीपुढं. म्हनलं, "मेल्याहो, दार काहून फोडलं? कडी लावलेली नव्हती!"

"पिंजारी कुठं हाय?"

"मी संतरामची माय हाय!"

कुऱ्हाडी खाली. एकानं तर पाय धरले. "माफ करा, काकू. चूक झाली. संतरामभाऊ आमच्या गावाला गेलेत."

"तुमच्या गावाला? काहून?"

त्यो खाली बघून म्हनला, "आपल्या गावात हात उठत न्हाई, काकू. ओळखीची तोंडं. म्हनून गावं बदलून घेतली."

चुलीवरची भाकर जळून गेली. मी म्हनलं, "पिंजारी कालच पळाला हिंगोलीला." गेले.

जुलेखा वाचली. मला आनंद व्हयना.

२५ सप्टेंबर

संतराम आला. धोतर ओलं. नदीत आंघोळ केली म्हनला. जेवला न्हाई.

२७ सप्टेंबर

नदीपल्याडची जिवनबाई आली, माझी चुलतबहीन. म्हनली — पाच जन. विहिरीत. त्यात एक म्हातारी न तिचा नातू, दूध पिनारा. "सखू, तुझा पुढं व्हता."

इचारलं, "तुझ्या डोळ्यानं पाह्यलं?"

"व्हय."

बाकी काही लिहवत न्हाई.

३ ऑक्टोबर

त्यानं जुलेखाच्या दारातली रांगोळी पाह्यली. रोज काढून राहिले ना मी. पायानं पुसली.

"माय, ह्ये तुझं काम."

"माझंच."

"दसऱ्याच्या आत पिंजाऱ्याचं मी बघतो. आता दुसऱ्या गावच्यायला न्हाई सांगत."

म्हनलं, "त्या लेकराचं नाव काय व्हतं रं? नदीपल्याडच्या?"

नाव त्याला ठाव न्हाई. मलाबी न्हाई.

४ ऑक्टोबर

हरिचंदला म्हनलं, हिंगोलीला पलटनीकडं जाते. त्यो म्हनला, "आई हायस का कोन? पोटच्या पोरावर पलटन घालती?"

दिवसभर तेच डोक्यात. त्याच्या मनातलं पलटनीला निघायचं न्हाई, हे मला बराबर ठाव हाय. मला निघालं न्हाई, तिला काय निघनार? पन मानूस उचलून नेता येतो. तेवढ्यात दसरा जाईल.

त्याच्यासाठी भरलं वांगं केलं. आज दोन घास खाल्ले त्यानं.

५ ऑक्टोबर

हिंगोलीला जाऊन आले. तंबूतल्या साहेबानं इचारलं, "माई, गाँव में कोई रझाकार बाकी है?" म्हनलं, "एक हाय." नाव सांगितलं. साहेबाची लेखनी थांबली. माझ्याकडं बघून त्यानं बापाचं नाव इचारलं. मालकाचं नाव मी जल्मात तोंडातून काढलं नव्हतं, ते गेले तवाबी न्हाई. आज काढलं. ग्यानबा.