पाच जोड्या पांढरी फुलं

६ जुलै, शनिवार

आज सकाळी बँकॉकला उतरलो आणि तोंडही न धुता आधी फुलं घेतली. पाच जोड्या पांढरी फुलं, पाच जोड्या मेणबत्त्या, केळीच्या पानात बांधून. पुढच्या रविवारी, चौदा तारखेला, गावच्या विहारात चीवर घ्यायचं आहे. पन्नाशीला टेकलेला भिक्खू! आईला पुण्य लागावं म्हणून. विशीत करायचं ते आता. त्याआधी ज्यांचं मन दुखावलं त्यांच्यापुढे फुलं ठेवून क्षमा मागून यायची. मोठे भन्ते म्हणाले, "सगळं गाव फिरलास. लामदुआन राहिली. तिच्याकडे जाऊन ये, मग मुंडण कर."

लामदुआन, माझी थोरली बहीण. आठ वर्षं बोललो नाही आम्ही.

तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. कोपऱ्यावर उभा राहिलो. परत आलो.

७ जुलै, रविवार

दिवसभर नदीवर. नावेत बसून वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेला तिकीटवाली म्हणाली, "काका, कुठं उतरायचं ते ठरलं की सांगा हं. तोवर पाय जरा आत घ्या."

लोक हसले. मीही हसलो. कालची फुलं तपकिरी झाली होती, पाण्यात सोडली आणि उतरल्यावर नवी घेतली.

अंग दुखतंय. काही न करून एवढं दमायला होतं, हे माहीत नव्हतं.

८ जुलै, सोमवार

खोलीची मालकीण हुईबाई. रोज दारातच पकडते. "रोज फुलं घेऊन जातोस, रोज फुलं घेऊनच येतोस. कोण आहे ती? या वयात नाही म्हणाली तर सुटलास समज!"

"बहीण आहे."

"मग तर फुलांनी भागायचं नाही," म्हणाली आणि पंख्यापुढे जाऊन बसली.

आज ताईला पाहिलं. समोरच्या दवाखान्याआडून. केस सगळे पांढरे. कच्च्या पपईची कोशिंबीर कुटत होती, बाजूला निखाऱ्यावर कोंबडी. तीन ठोके आणि एकदा रगडणं, तीन ठोके आणि एकदा रगडणं — आई अशीच कुटायची. डोळे मिटले असते तर गावातच असतो.

कुणीतरी म्हणालं, "ताई, मिरच्या कमी!"

"कमी हव्यात तर समोरच्या दवाखान्यात जेव जा."

जीभ तीच आहे. मी तिथूनच परतलो.

९ जुलै, मंगळवार

पाऊस. फुलं नवी घेतली. गेलो नाही.

१० जुलै, बुधवार

आज ठरवूनच निघालो. पण तिची कोशिंबिरीची हातगाडी नव्हती! निखाऱ्याची जागा धुतलेली. शेजारचा पेरूवाला म्हणाला, "बुधवारी ती लावतच नाही."

"का?"

"विचारून बघा. मी विचारलं तर बत्ता उगारला माझ्यावर. आठ वर्षं झाली, सण असो, जत्रा असो, बुधवारी बंद म्हणजे बंद."

सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटण्याची लाज वाटली.

११ जुलै, गुरुवार

सकाळी इथल्या एका विहारात बुद्धमूर्तीपुढे बसून क्षमेचे शब्द म्हणून पाहिले. काया, वाचा, मनाने, कळत-नकळत जे घडलं... 'कळत' या शब्दापाशी अडकतो. नकळत असतं तर मी शनिवारीच जाऊन आलो असतो.

इथे तरी लिहितो. आठ वर्षांपूर्वी एका बुधवारी पहाटे आई गेली. ताईला फोन केला. रडली, मग म्हणाली, "एका लग्नाची कोंबडी द्यायची आहे, शब्द दिलाय. उद्या रात्रीच्या बसने निघते, शुक्रवारी पहाटे पोचते. थांब रे माझ्यासाठी." मी हो म्हणालो. शुक्रवारी आम्ही कुणाला जाळत नाही. भन्ते म्हणाले, "शनिवारी करू, बर्फ आहे, घाई कसली?" मी म्हणालो, नाही, गुरुवारीच. शुक्रवारची भीती पुढे केली. ताई आली तेव्हा राख गार झाली होती. तिलाही तेच सांगितलं — शुक्रवार आला असता. ती जेवली नाही, संध्याकाळच्या बसने गेली. पुन्हा गावात पाऊल नाही.

खरं हे की ती यायला नको होती मला. सहा वर्षं आईचं हगणं-मुतणं मी काढलं. शेवटच्या महिन्यात आई एकच नाव घ्यायची — लामदुआन. मी पाणी पाजत असताना विचारायची, "लामदुआन आली का?" निदान आगीजवळ तरी मी एकटाच असावं, असं वाटलं.

ताईला हे कळलंच असणार. म्हणून तर पुन्हा आली नाही.

उद्या संध्याकाळची बस आहे. उद्या नाही तर नाहीच.

१२ जुलै, शुक्रवार

गेलो. दुपारी, गर्दी ओसरल्यावर. ती बघत राहिली. "बेडक्या?" म्हणाली. लहानपणचं नाव. मी फूटपाथवरच गुडघे टेकले, फुलं पुढे धरली, आणि क्षमेचे शब्द सोडून सगळं सांगितलं. शनिवार, बर्फ, भन्ते. सगळं.

बत्ता हातात तसाच. म्हणाली, "म्हणजे मला उशीर नव्हता झाला?"

तिला काहीच ठाऊक नव्हतं! "त्या बुधवारी मी लग्नाची कोंबडी मुरवत बसले," ती म्हणाली. "त्याच रात्री निघाले असते तर आई दिसली असती. आठ वर्षं बुधवारी चूल पेटवली नाही मी. गावात तोंड दाखवलं नाही. आणि तू—"

तिने डोळे पुसले, मिरचीच्या हाताने. मग डोळे चुरचुरले म्हणून मला शिव्या घातल्या.

"क्षमा-बिमा काही नाही," म्हणाली. "उद्या ये. लवकर ये. आत्ता गिऱ्हाईक आहे. मला तुझ्याशी पोटभर भांडायचंय."

फुलं हातात घेतली नाहीत. ग्लासभर पाणी घेतलं आणि त्यात ठेवली.

भन्तेंना फोन केला, रविवारी मुंडण करत नाही. बस गेली. मी इथेच आहे.