मुंजाबाच्या अंगातलं वारं

वाडी, फुलंब्रीजवळ
१२ सप्टेंबर १९८७

चि. मुंजाबास,
आक्काचे अ. उ. आ.

आम्ही इथं बरे हावोत. कंपनीच्या कॅन्टीनचं खाऊन तू पार चिपाड झाला असशील, दुसरं काय!

आता बसून वाच. आपला साहेबराव गणपतीत कापड घ्यायला गुलमंडीला गेला व्हता. तिथं गर्दीत तू त्याला दिसला. हात थरथरतेत, मान ताठलेली, डोळे कुठंतरी लागलेले. त्यानं येऊन बापूला सांगितलं, मुंजाबाच्या अंगात वारं आलं. कारभारी चुलता गेल्यापासून दोन वर्सं बिरोबा कुणाच्या अंगात आला नाय, आपल्या घरातली भगताची जागा रिकामी. लोक बापूला किती टोमणे मारत व्हते, तुला ठावं हाय. आता म्हाताऱ्यानं घोंगडं धुऊन वाळत घातलंय. दसऱ्याला देवापुढं त्याच्यावर तुला बसायचंय. दोन दिवस झाले, हसतोय रे तो! मला बघून रडूच आलं.

माया हाय तशीच ठेव.
तुझी आक्का, सुगंधा


औरंगाबाद
१७ सप्टेंबर १९८७

ती. आक्कास,
मुंजाबाचा सा. न. वि. वि.

आक्का, घात झाला. ते वारं नाय, नाच हाय. ब्रेक डान्स म्हणत्यात. ठेकेबाज इंग्रजी फंक गाण्याची कॅसेट लावून रस्त्यावर करायचा, एकेक सांधा झटक्यानं थांबवायचा. माझ्याबरोबर प्रेस मशीनवर काम करतो तो सांडू शिकवतो मला. त्याचं गावाकडचं घर नामांतराच्या दंगलीत जाळलं. त्याची माय त्या घरापुढं जशी उभी राहिली, तसा तो नाचता नाचता थांबतो. मी त्याची नक्कल केली तर चिडला. म्हणला, माझं दुखणं कायकू घेतो भई, तुझं काढ.

मग माझे हात मायसारखे हलले. शेवटच्या महिन्यात तिला पाण्याचा तांब्या धरता येत नव्हता, तसे. मी एकदाच आलो, ते पाहिलं, अन् ओव्हरटाइम बुडंल म्हून दुसऱ्या दिवशी परत फिरलो. हे कुणाला बोललो नाय आजवर. मायचे हात देवाच्या नावावर कसे करू? बापूला तूच सांग, माझी हिंमत नाय.

धाकट्याला पदरात घे.
तुझा मुंजा


वाडी
२३ सप्टेंबर १९८७

चि. मुंजाबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून लई रडले. बापूला सांगायला गेले तर तो भंडारा चाळत बसला व्हता. जीभ रेटंना माझी.

अन् सांडूचं नाव तर काढूच नको. विद्यापीठाच्या नावावरून पारावर अजून शिव्या चालत्यात. त्याच्याकडून शिकला हे कळलं तर लोक आपल्याला देवळाची पायरी चढू देणार नायत. घडीभर बस, हात हलव, ऊठ. कुणाला काय कळतंय? बापूची अब्रू घालवू नको बाबा. मोठी असून पाया पडते तुझ्या.

लवकर ये.
आक्का


वाडी
११ ऑक्टोबर १९८७

चि. मुंजाबास,
बापू कडूबाचा आशीर्वाद. मी सांगतो, सुगंधा लिहिते.

दसऱ्याला तुझे हात हलले अन् लोक पाया पडायला वाकले. तवा तू उठून मोठ्यानं सांगितलं, हा देव नाय, हे बानाबाईचे, माझ्या मायचे हात हायत, अन् तो कुंपणाबाहेर उभा हाय त्या सांडूनं मला हे शिकवलं. लोकांनी कपाळावरचा भंडारा पुसला. मी तुला चालता हो म्हणालो. सणाच्या दिवशी तुम्ही दोघं उपाशी एसटीला गेले. त्या दिवसापासून मला घास गोड लागंना.

भगताची जागा आपल्या घरातून गेली, गावातल्या काकासाहेबाच्या घरी. जाऊ दे. लोक बोलत नायत, नाय बोलंनात. पर तुला एक सांगायचं राहिलं. तुझे हात हलले तवाच मी वळखलं, ही बाना हाय. चाळीस वर्सं तिच्या हातचं खाल्लं, मला कळणार नाय व्हय? कळलं व्हतं, तरी मी लोकांना वाकू दिलं. तू खरं बोलला, म्हून तुझा राग आला.

दिवाळीला ये. सांडूला संगं आण, माझ्या शेजारी जेवायला बसवतो त्याला. अंधार पडल्यावर येऊ नका. भर दुपारी या, पारासमोरून, समद्या गावादेखत.

वाट बघतोय.
तुझा बापू