निळं कवच

मंगळवार, संध्याकाळ. नोएडा.

ते कवच निळसरच आहे. तीनदा पाहिलं.

आमच्या लॅबमध्ये गाळाचा एक नमुना धुऊन झाला की चाळणी निळ्या रंगात बुडवायची. जाळीत फोरॅमिनिफेराचं, म्हणजे सूक्ष्म एकपेशी जीवाचं, एखादं कवच अडकून राहिलंच, तर ते निळं पडतं आणि पुढच्या गाळात ते आधीचं म्हणून ओळखू येतं. मी आधी कोकणातल्या खाडीच्या मुखाचा गाळ धुतला, मग नदीत बराच आतला. आतल्या गाळात समुद्री जातीचं कवच मिळालं. वाळूच्या कणाएवढं, एकच. म्हणजे खारं पाणी पूर्वी तिथवर येत होतं. गाइड सर खूश झाले. "बिल्कुल लिख दो." लिहिलं. उद्या पेपर पाठवायचाय.

आज फोटोसाठी ते पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतलं, तर कडेला निळं. दिव्यामुळे असेल? दिवा बदलला. निळंच. चाळणी नीट धुवायची सोडून कसली घाई होती मला?

घरी येऊन सरांना फोन केला. "सर, वो नीला है. पिछले सैंपल का है."

ते म्हणाले, "और किसने देखा?"

"मैंने देखा है, सर."

त्यांनी फोन ठेवला. पेपर समोर उघडा आहे. ते वाक्य खोडलंय. सेव्ह करायचा धीर होत नाहीये.